सोळा, सतरा की अठरा?

टर्बो पेट्रोल गाडी दारात उभी राहिली, की महिन्या-दोन महिन्यांत मालकाची नजर चाकांवर जाते. एमएच-०४ म्हणजे ठाणे आणि एमएच-०५ म्हणजे कल्याण. या दोन नंबरांच्या पोलो जीटी, व्हर्टस, स्लाव्हिया, आय-ट्वेंटी एन लाइन आता रोज दिसतात आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांची चाकं कारखान्यातून आलेली नसतात. मडगार्डखालची पोकळी भरून निघावी, गाडी रस्त्याला चिकटून उभी असल्यासारखी दिसावी, ही इच्छा मला पूर्ण समजते. चांगल्या चाकानं गाडीचं रूप पालटतं. पण टायरच्या दुकानात बोलणं सुरू होतं ते ‘किती इंची टाकू?’ या प्रश्नानं, आणि गाडं तिथेच चुकीच्या रस्त्याला लागतं. इंचात मोजला जातो तो नुसता रिमचा व्यास. रस्ता धरण्याचं काम टायर करतो. म्हणून आधी टायर ठरवावा, मग त्याला शोभेल असं चाक, आणि दिसण्याचा विचार त्यानंतर.

उदाहरणाला व्हर्टस जीटी घेऊ. ही गाडी पुण्याजवळ चाकणला बनते. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क. कंपनीनं दिलेला टायर २०५/५५ आर१६. यातला पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो, २०५ मिलिमीटर. दुसरा आकडा टक्केवारी आहे: टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के. २०५चे ५५ टक्के म्हणजे जवळपास ११३ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १६ हा रिमचा इंचातला व्यास. एक इंच २५.४ मिलिमीटरचा, त्यामुळे रिम ४०६ मिलिमीटरची. खाली एक भिंत आणि वर एक भिंत मिळवली की टायरसकट चाकाचा पूर्ण व्यास येतो ६३२ मिलिमीटर.

हा ६३२ आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. गाडीचा गिअरबॉक्स, स्पीडोमीटर, एबीएस आणि गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा, सगळ्यांचा हिशोब या व्यासावर बेतलेला आहे. गाडीचा संगणक चाकाचे फेरे मोजतो आणि त्यावरून वेग ठरवतो. बाहेरचा व्यास वाढवला, की प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि काटा मागे राहतो. बदल दोन टक्क्यांच्या आत ठेवावा, एका टक्क्यात बसला तर उत्तमच.

आता दुकानात सुचवली जाणारी मापं या कसोटीवर लावून पाहू. २०५/५० आर१७ घातला तर पूर्ण व्यास ६३७ मिलिमीटर होतो, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी फरक. २१५/४५ आर१७ घातला तर ६२५, साधारण एक टक्का कमी. दोन्ही चालतील. पण ‘गाडी थोडी उंचही होईल’ म्हणून हमखास सुचवला जाणारा २१५/५० आर१७ हा ६४७ मिलिमीटरचा आहे, म्हणजे जवळपास अडीच टक्के मोठा. गाडी खरोखर शंभरनं धावत असताना तिचं मोजमाप अडीच टक्के कमी भरतं, गिअरिंग तेवढं लांबतं, म्हणजे उठाव मंदावतो, आणि ज्यासाठी जीटी घेतली तेच थोडं बोथट होतं. आणि उंची वाढते ती किती? व्यासातला फरक १५ मिलिमीटर, त्याचा निम्मा जमिनीच्या बाजूला. साडेसात मिलिमीटर. तेवढ्यासाठी कुठलाही गतिरोधक सोपा होत नाही.

अठरा इंचीचा २२५/४० हा टायर व्यासाच्या परीक्षेत सहज पास होतो. त्याचा व्यास ६३७ मिलिमीटर, म्हणजे सतरा इंचीच्या २०५/५० इतकाच. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, व्यास जुळतोय ना, मग हरकत काय? हरकत भिंतीत आहे, आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते.

सोळा इंचीची भिंत ११३ मिलिमीटर, अठरा इंचीची ९०. कागदावर फरक २३ मिलिमीटरचा, म्हणजे पाचवा हिस्सा. पण ही उंची मोजली जाते ती टायर रिममध्ये जिथे बसतो त्या जागेपासून. रिमची कड त्या जागेपासून सुमारे १७ मिलिमीटर वर आलेली असते आणि तेवढी भिंत कडेच्या आड जाते. उरले ९६ आणि ७३. त्यात गाडीच्या वजनानं टायर खाली आधीच दबलेला असतो, साधारण वीस-पंचवीस मिलिमीटर. आता उरले सत्तरच्या वर आणि पन्नासच्या आसपास. त्यातून टायरच्या पट्ट्याची आणि दुमडलेल्या भिंतीची जाडी अजून वजा व्हायची आहे. म्हणजे खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये जो खरा दाबला जाणारा भाग उरतो, तो पाचव्या हिश्श्यानं नव्हे, किमान एक तृतीयांशानं घटलेला असतो. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर कितीही चांगले असले, तरी खड्ड्याच्या धारेचा पहिला फटका याच उरलेल्या रबर-हवेनं खायचा असतो.

तो फटका भागला नाही तर काय होतं, ते जुलै महिन्यात कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कुठल्याही टायरवाल्याकडे जाऊन पाहावं. टायर दाबला जाऊन धार आणि रिम यांच्यात चिमटतो. आतले दोरे तुटतात, रबर शाबूत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर अंड्याएवढा फुगा दिसतो. हा टायर बाद. फुग्याला पॅच नसतो आणि तो कधी फुटेल ते सांगता येत नाही. फटका जोराचा असेल तर रिमची आतली कड वाकते. वाकते ती बहुधा आतलीच, म्हणून गाडीभोवती फेरी मारून ती दिसत नाही. गाडी नव्वदच्या पुढे थरथरू लागते, मालक बॅलन्सिंग करून घेतो, मशिनवर चाक फिरू लागलं की कड झोका घेताना दिसते, आणि तेव्हा कारण कळतं. वेगाचाही हिशोब आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, त्यामुळे तोच खड्डा चाळीसऐवजी साठनं घेतला तर फटका दुपटीहून अधिक बसतो.

आपल्याकडे हे फटके कुठे बसतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामानं वळवलेल्या मार्गिका, गायमुख घाटातला उखडलेला पृष्ठभाग, मुंब्रा बायपासवर कंटेनरच्या चाकांनी पडलेले चर, कल्याण-शीळ रस्त्यावर काँक्रीट आणि डांबर यांच्यामधली पायरी, डोंबिवली एमआयडीसीतले पाइपलाइनसाठी खणून नीट न बुजवलेले पट्टे, उड्डाणपुलांवरचे लोखंडी जोड. पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरला की त्याची खोली कळत नाही. तो चुकवायला बाजूला जागाही नसते, कारण डावीकडे रिक्षा आणि उजवीकडे डंपर. निष्णात ड्रायव्हरचंही चाक त्यात जातं. म्हणून चाकाचं माप ठरवताना ‘मी जपून चालवतो’ हे गृहीत धरू नये. हिशोब त्या एका न दिसलेल्या खड्ड्याचा करायचा.

मग कंपन्या मोठ्या गाड्यांना सतरा-अठरा इंची चाकं का देतात? कारणं खरी आहेत. पहिलं कारण ब्रेक. जास्त वेगातून वारंवार थांबायचं तर मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर लागतो आणि तो बसायला रिमच्या आत जागा लागते. दुसरं कारण स्टिअरिंगचा प्रतिसाद. भिंत आखूड असली की वळणात ती कमी वाकते, त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली यांमधला वेळ कमी होतो. माळशेज घाटात, मुरबाडकडून चढताना, हा फरक हाताला जाणवतो. एकामागोमाग एक येणाऱ्या वळणांत गाडी नेमकी जाते. हा आनंद खोटा नाही आणि तो हवा असणाऱ्याला वेड्यात काढणं योग्य नाही.

पण स्पर्धेच्या जगाकडे पाहिलं की चाक मोठं तितकं वेगवान हा समज टिकत नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ सालापर्यंत १३ इंची रिमवर धावत होत्या, जाड भिंतीच्या टायरांवर. १८ इंची चाकं आली २०२२ला. त्याआधीच्या गाड्या संथ होत्या असं कोणी म्हणणार नाही. जागतिक रॅली स्पर्धेत तर एकच गाडी डांबरी रस्त्यावर १८ इंची आणि मातीच्या, दगडधोंड्यांच्या रस्त्यावर १५ इंची चाकं घालते. ताकद तीच आणि ड्रायव्हरही तोच. रस्ता बदलला, म्हणून चाक लहान झालं आणि रबर वाढलं. हा निर्णय घेणारे लोक सेकंदाच्या दहाव्या हिश्शासाठी जिवाचं रान करणारे असतात. आपले ठाणे-कल्याणचे रस्ते वर्षातले चार महिने या दोहोंपैकी कशाच्या जवळ जातात, ते वाचकानंच ठरवावं.

वजनाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे, कारण वेगवान गाडीत तिचा परिणाम रोज भोगावा लागतो. चाक हे स्प्रिंगच्या खालचं वजन. बॉडीचं वजन स्प्रिंगवर तोललेलं असतं. चाकाला मात्र प्रत्येक उंचवट्यावर वर उडून परत खाली यावं लागतं. ते जितकं जड, तितका वेळ ते रस्त्यापासून सुटून राहतं, आणि सुटलेल्या टायरला पकड शून्य. शिवाय चाक गोल फिरतं. फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा वजनाइतकाच, किंबहुना जास्त, ते वजन मध्यापासून किती लांब आहे यावर ठरतो, आणि तो अंतराच्या वर्गानं वाढतो. सोळाऐवजी अठरा इंची रिम घेतली तर रिमचं कडं आठ इंचांवरून नऊ इंचांवर जातं. कड्याचं वजन एका ग्रॅमनंही वाढलं नाही, तरी ते फिरवायला सव्वापट जोर लागतो. आणि बाजारातलं स्वस्त अठरा इंची चाक सोळा इंचीइतकं हलकं कधीच नसतं. सिग्नलवरून सुटताना आणि ब्रेक मारताना, दोन्ही वेळा हा भार मध्ये येतो. इंजिन ट्यून करून मिळवलेली ताकद जड चाकांत घालवणारे लोक मी पाहतो तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं. व्हर्टस-स्लाव्हियाच्या जातीच्या गाडीला कंपनीचं सोळा इंची माप रोजच्या वापराला सगळ्यात योग्य आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर त्याच मापाचं हलकं चाक घ्यावं आणि त्यावर उत्तम टायर. चांगल्या रबराचा २०५/५५ आर१६ हा सामान्य रबराच्या २२५/४० आर१८पेक्षा ओल्या रस्त्यावर लवकर थांबतो, आणि ठाण्यातला पावसाळा पाहता ओला रस्ता हीच खरी परीक्षा. जास्त रुंद टायरला पायाखालून जास्त पाणी बाहेर फेकावं लागतं. तो झिजलेला असेल तर पाण्यावर तरंगायलाही लवकर लागतो. कायद्यानं खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. पावसाळ्यापुरतं मी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदलण्याच्या मताचा आहे. ज्याला सतरा हवंच, त्यानं २०५/५० आर१७ घ्यावा. भिंत १०३ मिलिमीटर उरते, म्हणजे गमावले फक्त दहा. पंधरा इंची टायरवर आलेल्या जुन्या पोलो जीटीला सोळा इंची हीच वरची मर्यादा समजावी. अठरा हे माप या वर्गातल्या गाडीसाठी इथे मला कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही.

माप ठरलं की दुसरा टप्पा येतो, आणि खरी फसगत तिथे होते. चाक उलटं करून त्याच्या पाठीमागे पाहावं. ओतीव अक्षरांत तिथे सगळं लिहिलेलं असतं: व्यास आणि रुंदी, म्हणजे १६ गुणिले ६.५ जे असं काही; ‘ईटी’ हे अक्षर आणि पुढे आकडा; किती वजन पेलेल तो आकडा; आणि प्रमाणीकरणाची चिन्हं. दुकानदार चाक समोरून दाखवतो, आपण ते पाठीमागून वाचायचं.

बोल्टची भोकं एका वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. व्हर्टस, स्लाव्हिया, पोलो यांचा तो ५ गुणिले १००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच भोकं. स्विफ्ट आणि आय-ट्वेंटीचा ४ गुणिले १००. इथे एक उदाहरण मुद्दाम सांगतो. रांजणगावच्या फियाट कारखान्यातून २०१५मध्ये अबार्थ पुंटो आली. दीडशेच्या आसपास घोड्यांची, खाली बसलेली, अजूनही हौशी लोकांनी जिवापाड जपलेली गाडी. तिचा पीसीडी ४ गुणिले ९८. बाजारात मिळणारी चार भोकांची चाकं बहुतेक ४ गुणिले १००. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक भोक एका मिलिमीटरनं सरकलेलं. नजरेला कळत नाही, आणि जोर लावला तर चाक ‘बसतं’ही. पण बोल्ट तिरका बसतो आणि त्याच्या डोक्याची सगळी बाजू टेकत नाही. रोजच्या धक्क्यांनी असा बोल्ट सैल होतो किंवा तुटतो. शंभरच्या वेगात चाक सुटणं म्हणजे काय, ते लिहायची गरज नाही.

त्यानंतर मधलं भोक, सेंटर बोअर. फोक्सवॅगन-स्कोडाच्या या गाड्यांच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर. बाहेरची चाकं पुष्कळ गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या भोकाची, बहुधा ७३.१ची बनवतात. मधली फट भरायला एक कडं मिळतं, हब रिंग. ते नसेल तर चाक केवळ बोल्टच्या भरवशावर मध्यात राहतं आणि ऐंशी ते शंभरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग तीनदा केलं तरी ती थरथर जात नाही, कारण चाक मशिनवर मध्यात असतं आणि गाडीवर नसतं. कडं प्लॅस्टिकचं की अॅल्युमिनियमचं हा दुय्यम प्रश्न. ते घट्ट बसणारं हवं.

ईटी म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून बोल्ट लागणारी सपाटी किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत. आकडा घटला की चाक बाहेर येतं. रुंदी आणि ईटी एकत्रच पाहावे लागतात. समजा मूळ चाक ६ जे, ईटी ४०. नवं चाक ७ जे, ईटी ३५. रुंदी एक इंचानं वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर. ईटी पाचनं घटलं, म्हणजे सगळं चाक ५ मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड एकूण १७.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली ७.७ मिलिमीटर आत गेली. हेच चाक ईटी ४५चं घेतलं असतं तर बाहेर ७.७ आणि आत १७.७. पहिल्या चाकाला मागच्या मडगार्डची भीती, दुसऱ्याला पुढच्या शॉकअब्सॉर्बरची. चाक फार बाहेर आलं तर दिसायला भारदस्त दिसतं, पण हब बेअरिंगवरचा भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हिसका देतं आणि पावसात चिखल दरवाजांवर उडतो.

बोल्टचं बूडही पाहावं. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बूड गोलाकार असतं, बाहेरच्या बऱ्याच चाकांना शंकूच्या आकाराचं लागतं. गोल बुडाचा बोल्ट शंकूच्या खळग्यात आवळला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो. नव्या चाकांबरोबर त्यांचे बोल्ट घेतलेच पाहिजेत. आवळताना हवेच्या गनवर विसंबू नये. या गाड्यांना १२० न्यूटन-मीटर लागतात, ते टॉर्क पान्यानं द्यावे आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तपासावे.

चाकाच्या धातूबद्दल थोडं. बहुतेक ओतीव अलॉय चाकं अॅल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून बनतात. ओतल्यावर चाक पाचशे अंशांच्या वर तापवून पाण्यात विझवतात आणि पुन्हा मंद आचेवर काही तास ठेवतात. धातूची ताकद या उष्णोपचारातून येते. आता वाकलेली रिम गॅसची नळी लावून तापवली आणि हातोड्यानं सरळ केली, तर त्या जागेचा सगळा उपचार पुसला जातो. चाक गोल दिसतं, बॅलन्सही होतं, पण तिथला धातू मऊ झालेला असतो आणि पुढच्या खड्ड्यात तिथेच वाकतो किंवा तडकतो. किरकोळ वाकलेली कड थंड अवस्थेत मशिनवर दाबून सरळ करून घेता येते. तडा गेला असेल आणि वेल्डिंग सुचवलं जात असेल, तर ते चाक भंगारात द्यावं.

विकत घेताना पाठीमागे आयएसआय चिन्ह आणि मोटारगाडीच्या चाकांसाठीचा आयएस ९४३६ हा क्रमांक शोधावा. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशी अक्षरं असतात. या चिन्हांमागे चाक वाकवून, फिरवून आणि वरून वजन आपटून केलेल्या चाचण्या असतात. पुणे जिल्ह्यात शिक्रापूरला एन्काईचा अलॉय चाकांचा कारखाना आहे आणि गाड्यांच्या भागांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून पुण्यातच आहे. चांगलं चाक मिळवायला परदेशाकडे पाहायची गरज नाही. प्रसिद्ध डिझाइनची हुबेहूब नक्कल, पाठीमागे एकही चिन्ह नाही आणि किंमत निम्मी, असं चाक कितीही देखणं असलं तरी मागे ठेवावं.

टायरवर मापानंतर ९१ व्ही असं काही लिहिलेलं असतं, तिकडे फारसं कोणी पाहत नाही. ९१ म्हणजे हा टायर ६१५ किलो पेलतो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा. नव्या मापात हा आकडा ८७ झाला तर क्षमता ५४५ किलोवर येते. पाच माणसं आणि गावाला जायचं सामान भरलेल्या गाडीत चार चाकांवरचं हे अंतर छोटं नाही. आखूड भिंतीच्या टायरांत म्हणूनच एक्स्ट्रा लोडची आवृत्ती घ्यावी, आणि तिला हवा थोडी जास्त लागते हे लक्षात ठेवावं. कमी हवेचा लो प्रोफाइल टायर खड्ड्यात सगळ्यात आधी जातो.

हवेचा विषय आता आणखी गंभीर झाला आहे, कारण समृद्धी महामार्ग आपल्या दाराशी आला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यात, म्हणजे कल्याणहून हाकेच्या अंतरावर. पूर्ण रस्ता ७०१ किलोमीटर, मोटारींना ताशी १२०ची मर्यादा, आणि लांबच लांब काँक्रीट. सकाळी शीळ फाट्याच्या खड्ड्यात आतून दोरे तुटलेला टायर दुपारी तासन्‌तास सव्वाशेच्या आसपास तापत राहतो. टायर फुटण्याचे अपघात या रस्त्यावर पहिल्यापासून चर्चेत आहेत. तिथे जाण्याआधी चारही टायरांच्या आतल्या भिंतींवर टॉर्च मारून, हात फिरवून फुगा आहे का ते पाहावं. बाहेरची बाजू धुताना दिसते, आतली कोणी पाहत नाही.

कायदा आणि विम्याचंही पाहायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. सगळ्यात भक्कम जागा म्हणजे कंपनीनं त्याच मॉडेलच्या कुठल्या तरी व्हेरियंटला दिलेलं माप. ते मालकाच्या पुस्तिकेत आणि ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतं. बाहेरची चाकं घातली तर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. चार चाकं चोरीला गेल्यावर नोंद शोधण्यात अर्थ नसतो.

चाकं बसवून दुकानातून निघण्याआधी एक चाचणी करून पाहावी. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खांद्यावर खडूची जाड रेघ मारायची, मागे तीन धडधाकट माणसं बसवायची, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून सोसायटीच्या तळघराचा उतार चढून-उतरून यायचं आणि एक मोठा गतिरोधक घ्यायचा. खडू कुठे पुसला गेला ते पाहिलं की टायर कुठे घासतो ते लगेच कळतं. घासत असेल तर मडगार्डची कड ठोकून जागा करण्याच्या भानगडीत पडू नये. चाक परत करावं. ते अजून नवं असतं, दुकानदारही घेतो.

कंपनीची जुनी चाकं मात्र दुकानात देऊन टाकू नयेत. दुकानदार त्यांचे पैसे वजा करून देतो, आणि तो आकडा त्या क्षणी बरा वाटतो. पण ज्यांना सतरा इंचीची खरोखर आवड आहे, त्यांच्यासाठी उत्तम व्यवस्था हीच आहे: नोव्हेंबर ते मे सतरा, जून ते ऑक्टोबर कंपनीचं सोळा. गाडी विकतानाही मूळ संच मागितला जातो. फ्लॅटमध्ये जागेची अडचण असतेच. बाल्कनीत ठेवायची झाली तर ऊन लागू देऊ नये, धुऊन कोरडी करावीत, हवा थोडी कमी करून आडवी एकावर एक रचावीत आणि दर चाकावर कुठल्या बाजूचं ते खडूनं लिहावं. टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पडून राहिलेल्या टायरच्या खाचा नव्या दिसतात, पण रबराचं वय त्या चार आकड्यांत असतं. सहाव्या वर्षी बाल्कनीतला तो न वापरलेला संचही गाडीला लावण्याआधी टायरवाल्याला दाखवावा.